उथळ कोरलेलं नाव

धाकट्या,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. मेलेल्या भावाला पत्र लिहिणारा पाथरवट पकडला जायला वेळ लागत नाही.

युद्धस्मारकाच्या शिळेवर नावं कोरायचं काम माझ्याकडेच आलं. यादीत एकेचाळिसावं नाव तुझं. तू पलटणीतून पळालास, जिवंत आहेस, हे फक्त मला ठाऊक. आईला सांगितलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. तुझं नाव मी मुद्दाम उथळ कोरलं. कधी माफी मिळालीच तर घासून काढता येईल, म्हटलं.

आज अनावरणाआधी आई आली. डोळ्यांनी अधू, म्हणून एकेक नाव बोटांनी चाचपत गेली. तुझ्या नावापाशी थांबली.

"बाकीच्यांची खोल, आणि माझ्याच लेकराचं वरवर का रे?"

अनावरणाला आलेले पलटणीचे साहेब वळून बघायला लागले.

"राहिलंय जरा, आई," म्हणालो आणि छिन्नी उचलली.

शिळेच्या माथ्यावर लिहिलंय, 'स्वातंत्र्यासाठी गेले'. तुझ्या बाबतीत ते खोटं नाही.

आईचा हात माझ्या पाठीवर होता. प्रत्येक घावाला ती "अजून" म्हणत होती.

खूप खोल गेलंय रे. आता परत येऊ नकोस.

तुझा,
दादा