लिव्हर मधोमध होती

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी आमच्या मशीन कंपनीच्या ऑफिसचा फोन. राळेगाव तालुक्यात कालव्याच्या साइटवर काल अपघात. पोकलेन जागच्या जागी फिरली, मागचं लोखंडी वजन एका माणसाला लागलं. मशीन तपासून रिपोर्ट द्यायचा.
यवतमाळहून मोटरसायकलनं निघालो, दहाला साइटवर. मशीन उभी. चेनजवळ मोजणीची पट्टी तशीच पडलेली, कोणी उचलली नव्हती.
लागलं ते गजानन, खोदाई किती खोल गेली ते मोजायची पट्टी धरणारे, पन्नाशीचे. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेटर उत्तम राठोड. साइट इंजिनियर म्हणतो, त्यानं न पाहता फिरवली. उत्तम म्हणे एकच सांगत होता, लिव्हरले हातच लावला नाई. त्याला कालच घरी पाठवला.
मशीन ओळखीची. १६ जानेवारीला मीच आलो होतो. उत्तमचीच तक्रार होती, लिव्हर सोडली तरी मशीन जराशी फिरते. तेव्हा वीस मिनिटं पाहिली. काही सापडलं नव्हतं.
आजही नाही.

५ फेब्रु., गुरुवार
परत साइट. डावी लिव्हर उघडली. जुन्या मशीनमध्ये लिव्हरखाली तेलाचा व्हॉल्व्ह असायचा, हिच्यात सेन्सर. लिव्हर मधोमध तर अडीच व्होल्ट. एका बाजूला ढकलली की आकडा वाढतो, दुसऱ्या बाजूला उतरतो. कंट्रोलर आकडा बघतो आणि मशीन फिरवतो. माणसाचा हात त्याला दिसत नाही.
मीटर लावला. अडीच. तासाभरानंही अडीच. स्क्रीनवर एकही एरर नाही.
दुपारी इंजिनियरनं एक कागद पुढे केला. माझाच जानेवारीचा रिपोर्ट. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ.
"बिघाड आढळला नाही. ऑपरेटरला समज दिली."
"तुमीच तं लिहून देल्लं, साहेब. समज देऊनबी ऐकला नाई. आमी हेच पोलिसायले देल्लं."
 ही ओळ मी प्रत्येक रिपोर्टमध्ये टाकतो. बिघाड नाही सापडला की पुढचं वाक्य हात आपोआप लिहितो.
घरी वंदनाला सांगितलं. ती शाळेत शिकवते, शब्दाला अडते. म्हणाली, "पण समज दिली म्हणजे नेमकं काय म्हणाले तुम्ही त्याला?"
आठवलं. म्हणालो होतो, लिव्हर हळू सोडत जा. बस.

७ फेब्रु., शनिवार
दवाखान्यात गेलो. जायची गरज नव्हती, ऑफिसनं सांगितलंही नव्हतं. गजाननदादांच्या पायाला वजन लटकवलेलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. बायको उशाशी बसून संत्रं सोलत होती.
मी मशीनचा माणूस म्हटल्यावर ती उठून बाहेर गेली.
दादांना विचारलं, काय पाहिलं?
"मी पट्टी लावाले वाकलो. वाकाच्या आधी उत्तमकडं पाह्यलं. पाहालेच लागते नं बापा, मशीनजवळ जाच्या आधी. थो खर्रा घोटत होता."
"एका हातानं?"
"एका हातानं खर्रा घोटते काय कोनी?"
दोन्ही हात पन्नीवर, तंबाखू-सुपारी घोटण्यात. म्हणजे लिव्हरवर एकही नाही.
हे कोणाला सांगितलं का, विचारलं. म्हणाले, "मले कोनी इचारलंच नाई. सारे पायाचंच इचारते."
इंजिनियरला फोन केला, उत्तमला तासभर मशीनवर बसवू द्या म्हटलं. नाही म्हणाला. साइटवर पाय ठेवायचा नाही त्यानं.

८ फेब्रु., रविवार
सुट्टी. दारव्ह्याला गेलो, तिथून पुढे उत्तमच्या तांड्यावर. उत्तम घरी होता. चाळिशीचा, उंच, लांब हाताचा. तेरा वर्षं मशीन चालवतो. ओसरीत खाटेवर बसून होता, उठला नाही. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, पाणी आणून दिलं. त्याच्याशी त्यांच्या बोलीत काही बोलली. मला समजलं नाही. त्यानं मान हलवली.
"काहून आले साहेब? अजून समज द्याची राह्यली काय?"
बसलो. 
"मी सांगतलं तुमाले जानेवारीत. गाडी फिरून राह्यली मनलं. तुमी पाच मिन्ट बसले अन् कागद देल्ला."
वीस मिनिटं, पण ते मी बोललो नाही.
लाल दांडीचं विचारावंच लागलं. सीटच्या बाजूला असते. ती वर केली की सगळ्या लिव्हर बंद. अपघाताच्या वेळी खाली होती.
"हाव. खालीच होती. दिवसातून साठ खेपा खोली मोजते दादा. साठ खेपा कोन उचलते? तुमी एकतरी ऑपरेटर दाखवा." मग हळू आवाजात, "उचलाले पायजे होती. रोज थेच येते डोक्यात."
म्हटलं, हेही रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. म्हणाला, "लिहा. पन अर्धं लिहू नका."
निघताना सुचलं. विचारलं, तू बसतोस कसा? त्याला आधी कळलं नाही. मग खाट सरकवली, भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले, डावं कोपर मागे नेलं. सीट अगदी मागे. हाताखालचा लिव्हरचा डबा दोन खाचा वर.
मी बुटका. मी नेहमी सीट पुढे घेऊन तपासतो. डबा सगळ्यात खालच्या खाचेत.

१० फेब्रु., मंगळवार
सापडलं.
सीट मागे, डबा दोन खाचा वर, उत्तम बसतो तसं. दुसऱ्या ऑपरेटरकडून साडेआठपासून माती काढून घेतली, मशीन पूर्ण गरम. साडेदहाला सगळ्यांना लांब केलं, मोजणीवाल्यालाही. बकेट जमिनीला टेकवली. ऑपरेटरला खाली उतरवला. मी आत, इंजिन चालू, लाल दांडी खाली, मीटर मांडीवर, हात मांडीवर.
११.०७ अडीच.
११.१९ दोन पॉइंट सहा. परत अडीच.
११.३१ ला तीन पॉइंट चार. बकेट खरवडली आणि मशीन फिरली. फूटभर असेल. लिव्हर मधोमध. मी लाल दांडी ओढली.
मीटरचा आकडा वहीत उतरवला. 
डबा वर घेतला की खालची तार ताणते. प्लगमधली अर्थिंगची पिन ढिली. गार मशीनमध्ये टेकून राहते, तापली आणि हादरे बसले की सुटते. लिव्हरमध्ये सेन्सर दोन आहेत, एक चुकला तर दुसऱ्यानं सांगावं म्हणून. पण दोघांना अर्थिंगची पिन एकच. ती सुटली की दोघंही सारखंच खोटं बोलतात, म्हणून कंट्रोलरला शंका येत नाही. म्हणून एरर नाही.
दुसऱ्यांदा करून पाहिलं. मोबाइलवर शूटिंग घेतलं. इंजिनियरला बोलावून तिसऱ्यांदा. त्यानं मीटरचा आकडा स्वतः वाचला. म्हणाला, "आता हे तुमी लिहान काय?"

११ फेब्रु., बुधवार
ऑफिसात मॅनेजर साहेब. शांत माणूस, आवाज चढवत नाही.
"पिन सापडली, चांगलं झालं. बदलून टाका. देखभालीत दाखवा."
"आणि अपघात?"
"तो ऑपरेटरचा. दांडी खालीच होती ना? त्यानंच कबूल केलं ना तुमच्याजवळ?"
हो म्हणावं लागलं.
"मग? आणि तुम्ही जानेवारीत लिहिलंय बिघाड नाही. आता लिहिताय बिघाड आहे. यातला कोणता कागद खोटा, असं विचारतील. तुम्हालाच विचारतील, मला नाही."
बरोबर बोलतात. सतरा वर्षं झाली इथे. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. जेवणाचा डबा तसाच घरी आणला.

१२ फेब्रु., गुरुवार
रिपोर्ट लिहिला. चार वेळा. शेवटचा असा, इथे उतरवून ठेवतो:
"डाव्या लिव्हरच्या सेन्सरच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन ढिली. मशीन गरम व डबा वरच्या खाचेत असताना लिव्हर मधोमध असूनही मशीन फिरते. तीन वेळा पाहिले. सुरक्षा दांडी अपघाताच्या वेळी खाली होती. हीच तक्रार ऑपरेटरने १६ जानेवारीला केली होती. तेव्हा मी मशीन गार असताना, वेगळ्या बैठकीत, वीस मिनिटे तपासली. ती तपासणी अपुरी होती. 'समज दिली' हे वाक्य मी सवयीने लिहिले."
वंदनाला वाचून दाखवलं. 'अपुरी' वर थांबली. मग म्हणाली, "राहू द्या. बरोबर आहे."
एक प्रत मॅनेजरांना, एक साइटवर, एक पोलिस ठाण्यात, शूटिंगसकट. पोच घेतली.

१३ फेब्रु., शुक्रवार
 मॅनेजरांनी माझे पुढच्या आठवड्याचे तीन कॉल दुसऱ्याला दिले.

२० फेब्रु., शुक्रवार
नवीन लिव्हर आणि तार बसवली. ठेकेदाराला दुसरा ऑपरेटर टिकेना, उत्तमला "तात्पुरतं" बोलावलंय. केस अजून त्याच्या नावावरच आहे.
तीन तास मशीन तापवली, मीटर अडीचवरून हलला नाही. उत्तमला म्हटलं, आता ठीक आहे.
तो चढला, सीट मागे घेतली. मग काच सरकवून म्हणाला, "ठीक हाय मनता नं? मंग उभे राहा तिथं. दादा उभा होता थिथं."
इंजिनियर मध्ये पडायला लागला. मी हातानं थांबवलं. हे नियमात बसत नाही. कोणी केलं तर मी त्याला ओरडेन.
चेनजवळ जाऊन उभा राहिलो. वजन डोळ्यांसमोर, रंगावर ओरखडे. इंजिन चालू. उत्तमनं दोन्ही हात काचेला लावले, मला दिसतील असे. लाल दांडी खाली. किती वेळ गेला माहीत नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही, वजनाकडेच पाहत होतो.
मग त्यानंच दांडी वर केली.
"हटा साहेब बाजूले. मले काम करू द्या."
दिवसभर प्रत्येक मोजणीला त्यानं दांडी उचलली. मी मोजत नव्हतो, पण आवाज येतो तिचा.

२५ फेब्रु., बुधवार
ठाण्यात जबाब झाला. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, म्हणजे चूक कोणाची? म्हटलं, पिनची, दांडीची, माझी. म्हणाला, एकच सांगा, रकाना एकच आहे.
सगळं खाली समासात लिहायला लावलं.
गजाननदादांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चालतील, कसे ते आत्ता सांगत नाहीत.
ऑफिसकडून नागपूरला बोलावणं, दहा तारखेला. कशासाठी ते लिहिलेलं नाही.

२ मार्च, सोमवार
जुने रिपोर्ट काढून बसलो होतो शनिवारी. याच मॉडेलच्या मशीन, "लिव्हर" ही तक्रार, "आढळला नाही" हे उत्तर. पाच निघाले. कोणी सांगितलं नाही, पण आज पहिल्याला गेलो. ढाणकीजवळची मुरूम खदान.
ऑपरेटर वयस्क, काळा चष्मा. आडनाव विचारलं तर म्हणाला, "कायले पायजे?" लिव्हर कशी आहे विचारलं.
"बढिया. काई तकलीफ नाई."
"मागच्या वर्षी तक्रार होती तुमची."
"मागच्या वर्षी होती. आता नाई."
त्याच्याच बैठकीत मशीन तापवायला सांगितली. मी बाजूला दगडावर बसलो, वही मांडीवर. दोन तास. तो अधूनमधून माझ्याकडे बघायचा. मीटर अडीचवर.
बाराला त्यानं मशीन बंद केली, उतरला, तोंड धुतलं. डबा सोडला, मलाही अर्धी भाकर दिली. 
मग वहीकडे बोट केलं.
"एक गोष्ट हाय साहेब. पन थे लिहान तं नाई सांगत."
मी वही मिटली.