डॉलीले मीच नेलं

अल्का,

तुझा भाऊ डॉलीले न्यायले येईल, त्याले चहा पाज आन् रिकाम्या हातानं वापस धाड. मी तिले घेऊन केशोरीले माह्या बहिणीकडं जाऊन राहिली. "हे आंधळं कुत्रं घरातून काढ" असं मीच बोलली होती, कबूल. पण काल तिच्या डोळ्यावरचे केस लाल धाग्यानं बांधले, तर धानाच्या कोठीले न धडकता सरळ माह्या मांडीवर येऊन बसली. आंधळी नाही, नुसती झिपरी होती. एवढी शिकलेली तू, महिनाभर तुले काऊन नाही सुचलं? काल तू मागच्या खोलीत रडली, तेही मले दिसलं. परवा येऊ. तिची गादी माह्या खाटेजवळ टाकून ठेव.

तुझी सासू, भागीरथा