वच्छलेसाठी वुडशेडिंग

३ ऑक्टोबर १९८२, रविवार
चौदा नोव्हेंबरला माझ्या बायकोला, वच्छलेला, जाऊन वर्ष होईल. स्मृतिदिनाला मी बोलणार. नक्की. मागे ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिचा भाऊ यादोराव करडीहून आला आणि इतका वेळ बोलला की बौद्धाचार्य घड्याळ पाहू लागले. त्यात वच्छला थोडी, यादोराव जास्त. मग माझं नाव पुकारलं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. लोक म्हणाले, दुःखानं. दुःख नव्हे, तयारी नव्हती.

५ ऑक्टोबर
कचेरीतल्या जुन्या इंग्रजी मासिकात एक शब्द सापडला. वुडशेड. म्हणजे सरपणाची खोली. अमेरिकेत जाझ नावाचं संगीत आहे. त्यातले वादक अवघड तुकडा बसवायला अशा खोलीत एकटेच जात आणि पक्का झाल्यावरच चारचौघांत वाजवत. तिथून शब्द रोजच्या इंग्रजीत आला. आता तिकडे वकील साक्षीदाराचं वुडशेडिंग करतो, मुलं परीक्षेचं करतात. शेजारच्या टेबलावरच्या श्यामरावांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्याकडं याले घोकणं म्हणतेत. त्यांना फरक कळत नाही.

१० ऑक्टोबर, सकाळी
घरामागे सरपणाची खोपी आहेच. मोहाच्या ओंडक्यावर बसून सुरुवात केली. "जमलेल्या उपासक-उपासिकांनो, वच्छला ही आदर्श गृहिणी होती." मोठ्यानं. आवाज उत्तम लागला. एकांत हवा, बाकी काही नाही.

१७ ऑक्टोबर
खोपीच्या पलीकडे केशरबाईचं अंगण. तिथे चार-पाच बाया दिवसभर विड्या वळतात. मध्ये बांबूचा तट्टा आहे. चांगला जाड आहे. तरी केशरबाईनं विहिरीवर विचारलं, बाबू, सकारी लाकडायसंग काय बोलून राहिले? म्हणालो, ऑफिसचं काम. ती म्हणाली, मंग ऑफिसात वच्छला कायले आली? बादली उचलून घरी आलो. जाझवाल्यांनाही शेजार असेलच.

२४ ऑक्टोबर
नवीन वाक्य घेतलं, "तिने कधी कोणाला उलट उत्तर दिले नाही." तट्ट्यापलीकडे हसू फुटलं. विड्या वळणाऱ्या शकुनबाईचा आवाज, माय वो! रेशनवाल्याले दुकानातून पळवलं थे कोण होती मंग?
वाक्य बदललं. बायांच्या दबावानं नाही, वस्तुस्थिती तपासून. रेशनवाल्याशी तीच भांडली. बाजारात भाव तीच करायची. माझं प्रमोशन अडलं तेव्हा साहेबांच्या घरी जाऊनही तीच बोलली. मी बाहेर सायकल धरून उभा होतो. हे सगळं भाषणात घ्यायचं.

३१ ऑक्टोबर
आज हळू आवाजात प्रॅक्टिस. पलीकडून सूचना आली, बाबू, जरा मोठ्यानं, आयकू नाही येऊन राहिलं.
मग मोठ्यानंच बोललो. मुद्दाम. खोपी माझी, सरपण माझं, बायको माझी. मी कोणाला भीत नाही.

७ नोव्हेंबर
यादोराव आला. म्हणाला, भाऊजी, तुम्ही राहू द्या, तुमाले नाही जमत, मी बोलतो न. मी त्याला स्पष्ट सुनावलं की यंदा तू गप्प बसायचंस. मनात सुनावलं, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. तोंडानं म्हणालो, मी पण बोलतो. तो हसला. हसू दे. भाषण पाठ आहे.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
कार्यक्रम यशस्वी.
वंदना झाली. यादोराव बोलला, मी बोलू दिलं. मग मी माइकपाशी गेलो. "जमलेल्या उपासक-उपासिकांनो" हे फारच चांगलं आलं. पण तेवढ्यात समोर हार घातलेल्या फोटोकडे नजर गेली. पुढचं काही येईना. ही माझी चूक नाही. फोटोसमोर प्रॅक्टिस झालेली नव्हती.
बायांच्या रांगेतून केशरबाई हळूच म्हणाली, "रेशनच्या दुकानात एकदा..." मी मान डोलावली. पुढचं शकुनबाईनं म्हटलं. मग सगळ्याच म्हणू लागल्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं माझ्यासारखं, फक्त विड्या वळायच्या लयीत. सायकलच्या वाक्यापाशी लोक पोट धरून हसले. बौद्धाचार्यसुद्धा. यादोराव रडला, याची नोंद करतो. मी शेवटपर्यंत माइकपाशी उभा होतो.
भाषण शब्द न् शब्द माझं होतं. हे कोणी नाकारू शकत नाही.
फक्त शेवटचं वाक्य राहिलं. ती गेल्यानंतर घरात कसं वाटतं, ते. खोपीतही ते मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तिथे येऊन बाया थांबल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. केशरबाई म्हणाली, याच्या पुढं नाही येत वो आमाले, बाबू.
मी म्हणालो, मलाही नाही.
माइक चालू होता.