रुळांकडच्या बाजूचे शर्ट

२४ सप्टेंबर

चि. चिहारु हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे ठीक असाल. मी ठणठणीत आहे. गेल्या आठवड्यातल्या वादळात शेजाऱ्यांची एक कुंडी उडून आपल्या गॅलरीत पडली. परत द्यायला गेले तर त्यांनी नाशपतींची पिशवी हातात ठेवली. आता त्याची परतफेड काय करायची या विचारात दोन दिवस गेले. शेवटी चेस्टनटचा भात करून दिला.

तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवता येतं, पण उरलेलं लिहिलेलंच राहतं. कधी ना कधी वाचशीलच.

तर विहीणबाईंनी गाडीतून आमची गॅलरी पाहिली. एक्सप्रेस आपल्या स्टेशनावर थांबत नाही, पण फाटकाजवळच्या वळणावर जरा हळू होते. तेवढ्यात त्यांनी दांडीवरचे शर्ट पाहिले, मनातल्या मनात मापं घेतली आणि घरी येऊन तुला सांगितलं की हे काही तुझ्या बाबांचे नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांना लाभलं म्हणायचं.

आता आठवून बघ, पुरुषाचे शर्ट रुळांकडच्या बाजूला वाळत घालायला मला सांगितलं कोणी? तूच. बाबा गेल्यावर महिन्याभरात आलीस, कपाटातून त्यांचे शर्ट काढलेस आणि म्हणालीस, "आई, घरात एकटी बाई आहे हे गाडीतल्या कुणाला कळता कामा नये. सगळ्या एकट्या बायका असंच करतात." म्हणून मी दर आठवड्याला ते स्वच्छ शर्ट धुवायचे, वाळवायचे, घडी करायचे आणि पुन्हा धुवायचे. नवरा गेला तरी त्याचे कपडे धुणं काही सुटलं नाही. कधी कधी दांडीवर ते वाऱ्याने फुगायचे आणि मी आत जाऊन बसायचे.

उन्हाने ते पार विरले. बाबांचे शर्ट कुठे गेले, असं तू फोनवर विचारलंस आणि मी वादळाची गोष्ट काढली. फडकी केली मी त्यांची. त्यातलं सगळ्यात मऊ फडकं त्यांचा फोटो पुसायला ठेवलं आहे. राग यायचा तर येऊ दे.

नवीन शर्ट नेमोतो-सानांचे आहेत. फाटकापलीकडचे न्हावी, तुझी झुलपं वाकडी कापणारे. शाळेच्या फोटोच्या दिवशी त्यांच्या नावाने किती रडली होतीस. दुकान बंद केल्यापासून ते कधीमधी चहाला येतात, असं मी तुला म्हटलं. ते खरं नव्हतं. चहाला यायचे ते गेल्या वर्षी. मग जेवायला थांबायला लागले. पावसाळ्यापासून ते इथेच राहतात.

झालं, लिहून टाकलं. आभाळ काही कोसळलं नाही.

तू म्हणालीस, "बाबांच्या तिसऱ्या वर्षाच्या कार्याला तो माणूस घरात असेल तर मी येणार नाही." मी विचार केला. तुझ्यासाठी केला, आणि बराच केला. ते असतील.

तू याच घरात वाढलीस. गाडी आली की बोलणं थांबवायचं, गेली की पुढे बोलायचं, हे आपल्या लाइनीवर पोरंसुद्धा शिकतात. तुझे बाबा मात्र थांबले की थांबलेच. मी विचारायचे, "काय म्हणत होतात?" ते म्हणायचे, "काही नाही." चांगले होते ते. पगार घरी आणला, कधी आवाज चढवला नाही, तुला शिकवलं. पण आमच्या संसारातली निम्मी वाक्यं गाड्यांखाली गेली. शेवटी शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले, "फुमिए, तुला एक..." आणि लोकल आली. गाडी गेल्यावर मी त्यांचा हात धरून विचारलं. "राहू दे," म्हणाले. ते काय होतं हे मला या जन्मी कळणार नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

नेमोतो-सान अर्धा शब्द तोंडात धरून गाडी जाईपर्यंत माझ्याकडे बघत बसतात. गेली की तिथूनच पुढे. आणि बोलणं तरी काय मोठं असतं? "सूपमध्ये आज..." गाडी. "...मीठ जरा जास्त झालंय." एकदा लागोपाठ इकडची आणि तिकडची, दोन्ही गाड्या आल्या. तरी थांबले, चमचा हातात धरून. मला आधी हसू आलं, मग रडू. त्यांना वाटलं मी मिठावरून रडतेय. तेव्हापासून बिचारे अळणी सूप मुकाट्याने पितात.

तू याला म्हातारचळ म्हण, विहीणबाई काय म्हणायचं ते म्हणोत. आम्ही लग्न करणार नाही, आणि बाबांचा फोटो आहे तिथेच राहील. सकाळचा पहिला भात त्यांच्यापुढे ठेवायचा, हे माझ्याआधी नेमोतो-सानांच्याच लक्षात असतं. शर्ट रुळांकडेच वाळतील, कारण ऊन तिकडेच येतं. गाडीभर लोकांनी बघावेत. आता त्यात चोरांना फसवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

कार्य ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. मंदिरातल्या गुरुजींना मी सगळं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, लोक काय म्हणतील ते आधीच ऐकून घ्या. ते म्हणाले, "मला आसनं किती मांडायची तेवढं सांगा."

पुढच्या ओळीत मी तीन सांगितली आहेत. एक माझं, एक नेमोतो-सानांचं आणि मधे तुझं. त्यांचं मी मागच्या ओळीत नेणार नाही. तुझ्या आसनावर दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

वाट बघणारी, पण जागची न हलणारी
तुझी आई,
फुमिए