पहिल्या फेरीचा मान

१ जानेवारी १९७९, सोमवार

प्रौढ वर्गाच्या अरुंधतीबाई म्हणे, अक्षरं हातात राहायची असन तं रोज वहीत लिहा, जे सुचन ते. कोणी वाचणार नाही, मीही नाही. मंग लिहिते.

नाव भागीरथा. इतवारीत मिरचीच्या गोदामात देठं खुडणाऱ्या तेवीस बायांची मुकादमीण. माझ्या एका हाकेत बसतात, एका हाकेत उठतात.

या सालचे निश्चय. रागवायचं नाही. कोणाले टाकून बोलायचं नाही. धोंडबाच्या मेळ्यात पहिली फेरी, दरसालसारखी.

दुपारी माझ्या बायांतल्या जयवंताले दोनदा झापलं. ते रागावणं नाही, काम आहे.

५ जानेवारी

धोंडबा आला नाही.

हे नीट लिहिते. धोंडबाचा लाकडी पाळणा दर संक्रांतीले नदीपलीकडच्या मैदानात उभा राहते. चार खोके, माणसं हातानं ढकलतात. अठरा वर्षं झाली, दर मेळ्याआधी तो सुपारी-नारळ घेऊन घरी येते. म्हणते, बाई, तुम्ही बसल्याशिवाय आमचा पाळणा फिरत नाही. मंग पहिल्या दिवशी मी खोक्यात एकटी बसते. सारा मेळा मान वर करून पाहते. धोंडबा डोळे मिटून, खांबाले कान लावून उभा राहते. इतकी भक्ती. तीन फेऱ्या झाल्या की मंग बाकीचे लोक. असा मान इतवारीत शेठजीच्या बायकोले पण नाही.

बिमार असन बिचारा.

९ जानेवारी

बिमार नाही. जयवंताले बाजारात दिसला. धडधाकट. खांद्यावर दोन रिकामी पोती. तिनं माझं नाव काढलं तं म्हणे, बाई पावसाळ्यात टायफाईडनं किती उतरल्या वं, मले पाहवलं नाही.

पाहवत नाही तं डोळे मिटून ये. पण नारळ घेऊन ये ना गा!

मले काही फरक पडत नाही. हे तीनदा लिहिणार होती, पण अरुंधतीबाई म्हणे एक गोष्ट एकदाच लिहावी.

१४ जानेवारी, संक्रांत

मैदानाकडून ढोल ऐकू आला. मी ऐकला नाही. तिळाचे लाडू जळले. तीळच खराब होते.

आमचे हे म्हणे, जाऊन तं ये, अठरा वर्षांचं जाणं आहे. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय कुत्रं जाते. हे चूप झाले. यायले चूप बसणं चांगलं जमते.

कामठी रोडवर नवीन रंगीला नगरी लागली आहे. कागद वाटून राहिले. लाईटवर चालणारा सोळा पाळण्यांचा झुला, हसवणारे आरसे, पाण्याच्या टाक्यात फिरणारी बोट, कॅन्टीन, आणि राहायचं असन तं खाटा टाकलेले तंबू. एका टिकटात सारं. आजपासून मी तिकडची. धोंडबाचं नाव या वहीत पुन्हा येणार नाही.

२१ जानेवारी, रविवार

रंगीला नगरी पाहिली. फर्स्ट क्लास. जमिनीवर भुसा टाकला आहे, धूळ नाही. (धोंडबाकडे नाकातोंडात धूळ.) आरशाच्या तंबूत मी टायफाईडच्या आधी होती तशी दिसली, चांगली भरलेली. चारदा जाऊन पाहिलं.

मंग झुला. सात नंबरचा पाळणा. उंच म्हणजे किती, गोदामावर गोदाम ठेवलं तरी कमी. कामठीकडची धुरांडी दिसली.

वर जाताना बुडाखाली आवाज आला. कट. थोडं थांबून, कट. लाउडस्पीकर इतका मोठा की तो आवाज कानानं नाही, हाडानं ऐकू आला. यायले विचारलं, तुम्हाले आला का? हे म्हणे, मी खाली पाहतच नव्हतो. काय विचारलं अन् काय सांगून राहिले!

मॅनेजर ताराचंद, कोटवाला, म्हणे, माताजी, नई मशीन है, थोड़ा बोलेगी. बरोबर आहे. नवी चप्पल पण बोलते.

धोंडबाच्या पाळण्यात असा आवाज येता तं मी वरूनच ओरडली असती, थांबव गा, डावी कडी बोलून राहिली! आजवर तीनदा ओरडली. तीनदा त्यानं कडी बदलली. पण ते लाकूड. लोखंडाचं वेगळं असते.

(त्याचं नाव आलं. शेवटचं.)

२४ जानेवारी

पंचफुला आली होती कामठीहून. माझी एकच पोर, मागच्या उन्हाळ्यात दिली. सोबत तिची सासू, सिंधूताई. चहा हातात घेतला अन् म्हणे, विहीणबाई, यंदा म्हणे तुम्हाले मेळ्याचं बोलावणंच नाही? पोरगी खाली पाहू लागली.

मी म्हटलं, बोलावणं होतं, मीच सोडलं. आता आपलं रंगीला नगरीत चालते. येत्या चार तारखेले साऱ्यांनी या. पहिली फेरी आपली. लाउडस्पीकरवर नाव पुकारतात.

असं अजून काही ठरलं नव्हतं. ठरवून घेऊ.

सिंधूताई म्हणे, पाहू बाई, तुमचा थाट.

२८ जानेवारी, रविवार

ताराचंदकडे जाऊन ठरवून आली. कामठीचं सारं घराणं आणते म्हटलं तं लगेच कबूल. माताजी का नाम, माला, पहिली फेरी, सब होगा. धोंडबानं कधी माळ नाही घातली.

सात नंबरजवळ एक माणूस पाळण्याच्या कडीले तार गुंडाळून राहिला होता. आपली साधी तार, आपण कुंपणाले बांधतो ती. मी म्हटलं, हे काय? ताराचंद म्हणे, टेम्पररी है, पार्ट कलकत्ते से आ रहा है.

कलकत्त्याहून येऊन राहिला म्हणजे चांगलाच असन.

एक चक्कर मारली. कट, कट, कट. आता थांबून नाही, लागोपाठ. टायफाईडनं कानात आवाज राहते म्हणतात. कंपाउंडरले विचारायचं.

३१ जानेवारी

कंपाउंडर म्हणे, कान चांगले आहेत. त्याले काय समजते.

जेवण जाऊन नाही राहिलं. गोदामात बसली की तेच. देठ तुटताना होते तसा आवाज. तेवीस बाया, सकाळपासून सांजेपर्यंत, कट, कट, कट. मी म्हटलं, हळू खुडा. जयवंता म्हणे, बाई, देठ हळू कसा तुटन? एक तं राहते, नाही तं तुटते.

तिले घरी पाठवून दिली. नंतर परत बोलावली.

३ फेब्रुवारी

उद्या.

पंचफुलाले बसू देऊ नको, असं मनात येऊन राहिलं. काय सांगू? माझ्याच नगरीचा झुला चांगला नाही म्हणू? सिंधूताई ते घरोघरी वाटन.

पोट दुखते म्हणून सारं रद्द करू का? वडाभाताची डाळ भिजत घातली आहे.

ठरलं. पोरीले माझ्या बाजूले बसवीन अन् हात धरून ठेवीन. मी असल्यावर काय होते. इतके लोक रोज काय उगीच बसतात?

४ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी

माळ घातली. नाव पुकारलं. भागीरथाबाई, इतवारीवाली. दोनदा. सिंधूताईचं तोंड पाहण्यासारखं झालं.

मंग त्या तारवाल्या माणसानं सात नंबर उघडला. मी म्हटलं, दुसरा दे. तो म्हणे, बाकी में पानी लगा है, अभी धोया. सिंधूताई पहिली जाऊन बसली. पंचफुला तिच्या बाजूले. मले समोर जागा राहिली. पोरीचा हात धरता आला नाही. गुडघा धरला.

पहिली फेरी काही नाही. मी मनात म्हटलं, पाहा, उगीच भ्याली.

दुसऱ्या फेरीत आवाज आला अन् पाळणा एका अंगाले जरासा बसला. बोटभर. मी पाहिलं, तार सरकली होती.

मी ओरडली. थांबव! थांबव रे मेल्या! सारी रंगीला नगरी ऐकत होती. खाली आणलं तं पोरीच्या दंडाले धरून ओढून बाहेर काढली. तिची बांगडी फुटली. लाउडस्पीकरवाला म्हणे, माताजी डर गईं, कोई बात नहीं, माताजी के लिए ताली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सिंधूताई उतरली नाही. म्हणे, तुम्ही माय-लेकी बसा खाली, मी पूर्ण करून येते. आठ फेऱ्या केल्या. उतरून पान खाल्लं. म्हणे, अठरा वर्षं तुम्ही काय त्या धोंडबाच्या पाळण्यात डोळे मिटून बसत होत्या?

वडाभात तसाच राहिला. कोणी जेवलं नाही. जाताना पंचफुला माझ्याशी बोलली नाही.

६ फेब्रुवारी

आज पडन.

७ फेब्रुवारी

पडला नाही. जयवंता जाऊन आली, दोनदा बसली. म्हणे, लई मजा आली. कितवा नंबर विचारलं. म्हणे, नंबर कोण पाहते वं बाई!

८ फेब्रुवारी

कामावरून परस्पर कामठी रोडनं गेली. दुरून पाहिलं. फिरून राहिला. सात नंबरमध्ये लाल लुगड्याची बाई अन् तिच्या मांडीवर काहीतरी पांढरं. गाठोडं असन. गाठोडंच असन.

पडला तं माझं खरं होते. देवा, मी हे काय मागून राहिली. हे पान फाडायचं.

१० फेब्रुवारी, शनिवार

धोंडबाले माफ करायले गेली. मोठ्या मनानं. शिवरात्रीपर्यंत त्याचा मेळा राहते.

सकाळची वेळ, लोक यायचे होते. पहिल्या खोक्यात दोन पोती बसवली होती, रेतीनं भरलेली. पोत्यायले हळद-कुंकू. समोर फुटलेला नारळ. माणसं पाळणा हळू हळू ढकलून राहिली होती अन् धोंडबा डोळे मिटून, खांबाले कान लावून उभा.

मले पाहून त्याले आनंदच झाला. म्हणे, या बाई, बसा. मी म्हटलं, हे काय आहे गा? तो म्हणे, काय म्हणजे? वजन. पाळणा रोज भरल्या वजनानं फिरवून पाहा लागते. पहिल्या दिवशी तुम्ही बसत होत्या तं दोन मणाचा भरवसा होता. वरून आवाज पण सांगत होत्या. यंदा तुम्ही बिमारीनं निम्म्या झाल्या, अंगात तरास असन, कशाले बोलवू? म्हणून रेती घेतली. मनात पण बरं वाटते. पडली तं रेतीच पडन.

मी म्हटलं, अन् या अठरा वर्षांत मी पडली असती तं? तो म्हणे, म्हणून तं कान लावून उभा राहत होतो बाई.

मंग त्याले तारेचं सांगितलं. त्यानं हसणं बंद केलं. म्हणे, तार आठ-पंधरा दिवस धरते. मंग ओझं उचलतानाच सोडते, पहिल्या पावफेरीत.

घरी आली तं जावयाचा निरोप. उद्या बारा वाजता सिंधूताई साऱ्या कुटुंबाले घेऊन रंगीला नगरीत चालली. पंचफुलाची भीती मोडायची म्हणे. सातव्याच पाळण्यात बसवणार. निरोपाच्या शेवटी, आईले येऊ देऊ नका.

११ फेब्रुवारी, रविवार

पडून लिहून राहिली. कमरेले शेक आहे.

सकाळी धोंडबाची दोन पोती रिक्षात टाकून नऊ वाजता रंगीला नगरीत. धोंडबा म्हणे, पोतीच बसवा, तुम्ही नका बसू. मी म्हटलं, मी काय येडी आहे?

ताराचंद दात घासत होता. पोती पाहून म्हणे, माताजी, टिकट आदमी का मिलता है, बोरी का नहीं. समजावलं. ओरडली. तार दाखवली. तो म्हणे, बारह बजे पब्लिक आएगी, आप घर जाइए. मंग मी म्हटलं, माझं टिकट दे, हे माझं सामान आहे.

तो हसला. माताजी का पहला नंबर, म्हणे. माळ नव्हती.

सात नंबरमध्ये बसली. एक पोतं इकडं, एक तिकडं. खाली कान लावून कोणी नव्हतं. हे फाटकाजवळ उभे होते, चूप. मीच खांब धरला. माणसानं बटण दाबलं.

पावफेरी पण नाही झाली. कमरेइतकी उंच गेली असन. कट झालं नाही. काहीच आवाज आला नाही. पाळणा एका बाजूनं सुटला, पोती गेली, त्यांच्यामागून मी गेली. भुशावर. एक पोतं फुटलं अन् रेती माझ्या तोंडात. हे धावत आले अन् पहिल्यांदा ओरडले, कोणावर ते त्यायलेही समजलं नाही.

बारा वाजता सिंधूताई साऱ्यायले घेऊन आली तं फाटकाले कुलूप होतं. बाहेर खडूनं लिहून ठेवलं होतं. मशीन बंद. जाड बायांनी बसू नये.

चार वाजता सारे इथं आले, माझी कंबर पाहायले. मोरीत पाय घसरला, असं यायनं सांगून ठेवलं. सिंधूताई म्हणे, विहीणबाई, तुमचं एक बरं झालं, आज तिथं नव्हत्या. कोणीतरी लठ्ठ बाई सकाळी पोती घेऊन बसली अन् झुलाच मोडला. काय बाया असतात! पंचफुला हसली. आठ दिवसांनी माझ्याकडे पाहून हसली. मी पण हसली. कंबर दुखली.

कोणाले सांगायचं नाही. निश्चय.

धोंडबा सांजेले येऊन गेला. नारळ नव्हता. फुटलेलं पोतं मागायले आला होता.