दुखण्याची विशेषणं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा ‘पेनफुल’च! अपूर्वा मॅडम क्लासमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, “दर्शना, बारा वर्षं नर्स आहेस आणि पेशंटच्या दुखण्याला एकच विशेषण?” लाज वाटली. रागही आला. वॉर्डात मराठीतून विचारते तेव्हा काही अडत नाही!

इंग्रजीची परीक्षा २९ला. तोंडीत समोरचा पेशंट होणार, मी नर्स. यंदाही बी ग्रेड हुकली तर आयर्लंडची नोकरी गेली. मागच्या वेळी ऐन परीक्षेच्या आठवड्यात नवऱ्याला, सुयोगला, डेंगी झाला आणि माझी वाट लागली. म्हणून सासूबाईंनी आज जेवताना लेकाला दमच भरला — “ह्या खेपेक घरात कोणी आजारी पडूचा नाय हां!”

२० नोव्हेंबर

सरावाला पेशंट हवा. सुयोग दोन मिनिटांत हसायला लागतो. शेवटी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. त्यांनी मालवणीत सांगायचं, मी इंग्रजी विशेषण शोधून वहीत लिहायचं.

“कुठं दुखतंय, आई?”

उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणाल्या, “हय. आतसून कोणीतरी कुरतडता गो.”

कुरतडता — नॉइंग! मॅडमच्या यादीत आहे. झकास!

२१ नोव्हेंबर

ठणका — थ्रॉबिंग. चमक — शूटिंग. बारीक दुखत राहणं — डल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आई भलत्याच रंगल्यात. “जेवल्यार वाढता, मगे पाठीत जाता.” रेडिएटिंग! झोप लागते का, विचारलं. “खयची झोप!” म्हटलं, आई, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. म्हणाल्या, “दशावतारात बायकांका खय घेतत!” दोघी हसलो.

२७ नोव्हेंबर

डबल ड्युटी. सरावाचा कंटाळा आला होता, पण आई माझ्याआधी खुर्चीत हजर! जेवताना स्वतःचे तळलेले बोंबील सुयोगच्या ताटात सरकवले, जोगेश्वरीच्या बाजारातून स्वतःच आणलेले.

आजचा शब्द एक्सक्रुशिएटिंग, म्हणजे जीवघेणं. आई म्हणाल्या, “आज मी बोलूचंय नाय. तोंडावरसून वळख.” पहिल्या फटक्यात ओळखलं!

२९ नोव्हेंबर, शनिवार

झाली! पेशंटला पोटदुखीच होती. एकामागोमाग एक शब्द येत गेले. ‘पेनफुल’ एकदाही नाही! घरी येऊन आईंना घट्ट मिठी मारली. “अगो, हळू!” म्हणून ओरडल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी आई ओट्याशी भाकऱ्या करत होत्या. एका हाताने. दुसरा उजव्या बरगडीखाली.

“आई, परीक्षा झाली आता.”

“व्हय गो,” म्हणाल्या. हात तिथेच.

वही उघडली. दहा दिवसांची अख्खी केस हिस्ट्री आहे — माझ्याच अक्षरात.