किटलीची दांडी

धाकट्या,

मी ड्यूटीवर चाललेय. तू उठेपर्यंत थांबले तर भांडण होईल, म्हणून लिहून ठेवतेय. किटलीची दांडी तूच तोडलीस. नाही म्हणू नकोस. चिकटवायची ट्यूब तुझ्या पँटच्या खिशात होती, ती धुण्यात फुटली. आता तुझी पँट आणि माझा युनिफॉर्म एकमेकांना सोडत नाहीत.

तोडलीस त्याचं काही नाही. पण दांडी आईच्या हातात निखळली तेव्हा तू समोर बसून मोबाइल बघत होतास. नशीब, पाणी गार होतं. ती म्हणाली, "माझ्याच हातून मोडली असेल, हल्ली लक्षात राहत नाही." आणि तू हूं की चूं केलं नाहीस.

तेव्हापासून ती स्वयंपाकघरात कशालाच हात लावत नाही. काल मला विचारलं, "हा ग्लास घेऊ का?" स्वतःच्या घरात.

नवी किटली आणून सुटायला बघू नकोस. आज तिच्यासमोर बस आणि सांग, दांडी मी मोडली. संध्याकाळी ती विसरेल, तेव्हा परत सांग. ती न विचारता ग्लास घेईपर्यंत रोज सांगायचं.

ताई